देवाचा कारभारी: मेसोपोटेमियातलं राजेपण आणि त्यामागचे विधी

बाबिलोनच्या राजाला वर्षातून एका दिवशी थोबाडीत खावी लागे. तीही देवळात, देवासमोर, आणि एकदा नाही तर दोनदा. मारणारा असे देवळाचा मुख्य पुजारी. दुसऱ्या थोबाडीनंतर राजाच्या डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न आहे असं मानायचं. डोळे कोरडे राहिले तर देव रागावलाय, शत्रू उठणार आणि राजाला खाली खेचणार.

‘प्राचीन काळी राजाला देव मानत’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलेलं असतं की हा विधी पहिल्यांदा वाचताना माणूस गोंधळतो. देवाच्या कानशिलात कोण लगावतं? घोळ होतो तो इजिप्त आणि मेसोपोटेमिया एकाच माळेत ओवल्यामुळे. इजिप्तचा फॅरो गादीवर बसला की होरस देवाचं रूप ठरे. टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या काठी, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सुमारे तीन हजार वर्षांच्या लेखी इतिहासात राजांनी स्वतःला देव म्हणवून घेतलं तो काळ जेमतेम चार-पाचशे वर्षांचा, आणि तोही सलग नाही. उरलेला सगळा काळ राजा हा देवाचा माणूस होता, देव नव्हता.

आपल्याकडे देवस्थानच्या जमिनीचा वहिवाटदार असतो तसंच हे नातं. जमीन देवाची. कसायची, पाण्याची सोय बघायची, उत्पन्नातून पूजाअर्चा चालवायची, हिशेब द्यायचा. नीट चाललं तर वहिवाट टिकते.

ही कल्पना तिथल्या जुन्या लेखांमध्ये उघड दिसते. लगाश शहराचा मालक निन्गिर्सू हा देव आणि तिथला शासक ‘एन्सी’, म्हणजे त्याच्या वतीने कारभार बघणारा. उत्तरेकडच्या अश्शूर शहरात तर राजपदाचं सूत्रच असं होतं की अश्शूर देव हाच राजा, गादीवरचा माणूस त्याचा प्रतिनिधी. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातल्या तिथल्या राज्याभिषेकाच्या विधीत राजाला देवळाकडे नेताना पुजारी ‘अश्शूर राजा आहे, अश्शूर राजा आहे’ असं ओरडत चाले. मुकुट चढला की मोठमोठे अधिकारी आपापली पदचिन्हं खाली ठेवून, मानाची जागा सोडून उभे राहत. मग राजा म्हणे, ज्याने त्याने आपलं पद सांभाळावं. वरून आलेला अधिकार खाली वाटला जातोय हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच या नाट्याचा हेतू.

सुमेरी, म्हणजे दक्षिण मेसोपोटेमियातल्या, राजांची यादी याच विचारावर उभी आहे. राजेपण स्वर्गातून खाली उतरलं आणि पहिल्यांदा एरिडू शहरात आलं, अशी तिची सुरुवात होते. पहिला राजा अलुलिम, कारकीर्द 28,800 वर्षं! आकडा सोडून द्या, रचना बघा. एका शहराचा पाडाव झाला की राजेपण पुढच्या शहरात जातं. ते घराण्याच्या रक्तात नाही, माणसातही नाही. ती एक वेगळी वस्तू आहे. देव ती देतात आणि काढूनही घेतात.

जेव्हा राजा खरोखरच देव झाला

हा नियम पहिल्यांदा मोडला अक्कडच्या नराम-सिनने (इ.स.पू. सुमारे 2254 ते 2218). हा साम्राज्य उभारणाऱ्या सार्गोनचा नातू. तो देव कसा झाला याची कागदपत्रं, म्हणजे तांब्यावरची, आपल्याकडे आहेत. उत्तर इराकमध्ये बासेत्की इथे रस्त्याच्या कामात तांब्याच्या ओतीव पुतळ्याचा खालचा भाग सापडला: गोल बैठकीवर बसलेल्या माणसाची कंबर आणि पाय, वजन सुमारे 150 किलो. 2003 साली बगदादच्या संग्रहालयाची लूट झाली तेव्हा तो चोरीला गेला आणि त्याच वर्षी एका सांडपाण्याच्या खड्ड्यातून परत मिळाला.

त्याच्या बैठकीवरचा लेख एखाद्या ठरावासारखा वाचता येतो. आधी कारण: चारी दिशा एकदम उलटल्या असताना नराम-सिनने एका वर्षात नऊ लढाया जिंकल्या आणि बंडखोरांचे राजे पकडले. मग मागणी: त्याने शहराचा पाया सावरला म्हणून अक्कडच्या नागरिकांनी त्याला आपल्या शहराचा देव म्हणून मागितलं. मग मंजुरी कोणाकोणाकडे मागितली त्यांची नावं: एआन्नाची इश्तार, निप्पूरचा एन्लिल, तुत्तूलचा दागान, केशची निन्हुर्साग, एरिडूचा एआ, उरचा सिन, सिप्परचा शमश, कुथाचा नेर्गल. आणि शेवटी अंमलबजावणी: अक्कडच्या मधोमध त्याचं देऊळ बांधलं.

बारकाईने वाचलं तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, तो जन्माने देव नाही. युद्धातल्या कामगिरीबद्दल त्याला हे पद मिळालंय. दोन, तो विश्वाचा देव नाही, एका शहराचा देव आहे, आणि त्यालाही आठ मोठ्या देवांची परवानगी लागली. इतकं करूनही पुढच्या पिढ्यांना हे रुचलं नाही. अक्कडच्या पडझडीवर रचलेल्या सुमेरी काव्यात नराम-सिनने निप्पूरचं एन्लिलचं देऊळ फोडलं आणि म्हणून एन्लिलने डोंगरातले गुती लोक अक्कडवर सोडले, असं सांगितलंय. इतिहास म्हणून ते विश्वासार्ह नाही. राज्य तर त्याच्या मुलाच्या काळातही टिकून होतं. पण कारभाऱ्याने मालकाच्या घराला हात लावला की काय होतं, हे लोकांच्या मनात किती पक्कं बसलं होतं ते त्यातून कळतं.

राजाचं देवपण म्हणजे रोजच्या व्यवहारात नेमकं काय, हे बघायला उरच्या तिसऱ्या घराण्याकडे जावं लागतं. शुल्गीने 48 वर्षं राज्य केलं (इ.स.पू. सुमारे 2094 ते 2047). कारकिर्दीच्या साधारण विसाव्या वर्षापासून त्याच्या नावाआधी चांदणीसारखं चिन्ह लिहिलं जाऊ लागलं. देवाचं नाव लिहिताना आधी जे चिन्ह काढत तेच हे. पण चिन्ह ही नुसती सुरुवात. शहरोशहरी त्याच्या मूर्ती बसल्या. अमावस्येनंतरच्या चंद्रदर्शनाला आणि पौर्णिमेला त्या मूर्तींना नैवेद्य जाऊ लागला. एका महिन्याला ‘शुल्गीचा उत्सव’ असं नाव पडलं. लोक मुलांची नावं ‘शुल्गी माझा देव’ अशा अर्थाची ठेवू लागले. त्याच्या घराण्यातला पुढचा एक राजा शू-सिन याच्यासाठी तर दूरच्या एश्नुन्ना शहरात तिथल्या सुभेदाराने देऊळच बांधलं, आणि पुरातत्त्वज्ञांना ते सापडलंय.

यामागचा हिशेब धार्मिकइतकाच कारभाराचाही होता. उरचं राज्य म्हणजे पंधरा-वीस जुनी शहरं, प्रत्येकाचा मालक वेगळा देव. लगाशच्या माणसाने उरच्या राजाचं का ऐकावं? राजा प्रत्येक शहरात मूर्तीच्या रूपाने हजर असेल, त्याच्या नैवेद्यासाठी त्या शहरातून मेंढ्या-बैल निघत असतील, सुभेदार त्याच्या नावाचं देऊळ बांधून निष्ठा दाखवत असेल, तर सगळ्या शहरांना एक समान देव मिळतो. द्रेहेम इथल्या जनावरांच्या सरकारी कोठाराच्या हजारो मृत्तिकापट्ट्यांवर या मेंढ्या-बैलांची आवक-जावक महिनेवार लिहिलेली आहे.

देव झाला तरी राजा मरत होताच. शुल्गीच्या मृत्यूनंतरच्या एका हिशेबपट्टीत दासींना सात दिवस कामातून सूट दिल्याची नोंद आहे. कारण लिहिलंय ते, शुल्गी स्वर्गात गेला म्हणून. आणि देवपण राज्यही वाचवू शकलं नाही. त्याच घराण्याचा शेवटचा राजा इब्बी-सिन याच्या नावापुढेही चांदणी होती. इ.स.पू. 2004 च्या सुमारास एलामी, म्हणजे आजच्या नैर्ऋत्य इराणमधल्या, सैन्याने उर लुटलं आणि त्याला कैद करून नेलं.

याच काळातल्या ‘पवित्र विवाहा’बद्दल नेटवर फार चविष्ट मजकूर फिरतो, म्हणून दोन शब्द. राजा हा दुमुझी, देवी इनन्नाचा पती, अशी गीतं आहेत. इसिन शहराच्या इद्दिन-दागान राजाच्या गीतात तर नव्या वर्षाच्या रात्री अंथरलेल्या शेजेचं वर्णन आहे. पण गीत म्हणजे विधीची पोथी नव्हे. कोणी काय करायचं, कुठे उभं राहायचं, काय अर्पण करायचं असं टप्प्याटप्प्याने सांगणारी त्या काळातली विधी-पट्टी मिळालेली नाही. देवीच्या जागी एखादी पुजारीण खरोखर असे की सगळंच गाण्यात घडे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ठामपणे सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्यानंतर (मृत्यू इ.स.पू. सुमारे 1750) हा प्रकार ओसरला. त्याच्या कायद्याच्या शिळेवर वरच्या बाजूचं चित्र नीट बघा: सूर्यदेव शमश आसनावर बसलाय आणि राजा समोर हात उंचावून उभा आहे. शिंगांचा मुकुट, म्हणजे देवत्वाची खूण, फक्त शमशच्या डोक्यावर आहे. नराम-सिनच्या विजयस्तंभावर तीच शिंगं राजाच्या शिरस्त्राणावर होती. दोन्ही शिळा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.

आकितू: वर्षाचा हिशेब

आता बाबिलोनच्या नववर्षोत्सवाकडे, आकितूकडे. हा निसन्नू महिन्याचे पहिले अकरा-बारा दिवस चाले. निसन्नू वसंतसंपाताच्या सुमारास येतो, आपल्या गुढीपाडव्याच्या आगेमागेच. कारण साधं आहे: दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि अधिक महिना घालून सूर्याशी जुळवून घेतात. बाबिलोनी ज्योतिष्यांनी पुढे 19 वर्षांत सात अधिक महिने हे गणित कायमचं बसवलं.

दुसऱ्या दिवसापासूनच्या विधीच्या पट्ट्या आपल्याकडे आहेत. रात्र संपायला दोन तास असताना मुख्य पुजारी, शेशगल्लू, उठतो, नदीच्या पाण्याने अंघोळ करतो, बेलसमोरचा तागाचा पडदा बाजूला करतो आणि एकट्याने प्रार्थना म्हणतो. बेल म्हणजे ‘स्वामी’, बाबिलोनचा देव मार्दुक. बाकीचे पुजारी आणि गायक नंतर आत येतात. पाचव्या दिवशी उठण्याची वेळ याहूनही बरीच आधीची असते.

तिसऱ्या दिवशी कारागिरांना बोलावणं जातं. त्यांना मार्दुकच्या खजिन्यातून सोनं आणि रत्नं मिळतात. दोन लाकडी बाहुल्या करायच्या, एक देवदाराची, एक झाऊच्या लाकडाची. उंची सात बोटं. अंगात लाल वस्त्र. एकीच्या डाव्या हातात साप, दुसरीच्या हातात विंचू, आणि दोघींचे उजवे हात नाबू देवाकडे उंचावलेले. मजुरी नैवेद्याच्या मेंढ्यातून: शेपूट धातुकाम करणाऱ्याला, छातीचा भाग सोनाराला, मांडी सुताराला, बरगड्या विणकराला. सहाव्या दिवशी शेजारच्या बोर्सिप्पा शहरातून आलेल्या नाबूसमोर, म्हणजे मार्दुकच्या मुलासमोर, खाटीक या बाहुल्यांची डोकी उडवतो आणि त्या आगीत जातात. चार दिवस खपून सोन्या-रत्नांनी मढवायचं ते जाळण्यासाठीच.

चौथ्या दिवशी संध्याकाळच्या नैवेद्यानंतर शेशगल्लू मार्दुकसमोर सृष्टीच्या निर्मितीचं काव्य, ‘एनुमा एलिश’, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणतो. मार्दुकने समुद्ररूपी तिआमतला मारून जग कसं रचलं आणि देवांनी त्याला राजा कसं केलं, याची ती कथा. पाठ चालू असताना अनूचा मुकुट आणि एन्लिलचं आसन झाकून ठेवायचं. अनू आणि एन्लिल हे जुने राजे. नव्या राजाची निवड ऐकताना त्यांची चिन्हं उघडी नकोत.

पाचवा दिवस सगळ्यांत कामाचा. आधी देऊळ शुद्ध करायचं. मंत्रकार टायग्रिस आणि युफ्रेटिसच्या पाण्याने सडा घालतो, आतमध्ये नगारा वाजतो, धूपाटणं आणि मशाल फिरते. नाबूच्या गाभाऱ्याच्या दारांना देवदाराचं तेल फासतात. मग खाटीक मेंढा कापतो आणि मंत्रकार त्या धडाने गाभारा पुसून काढतो. पुसणं अगदी शब्दशः: वर्षभराचं जे काही अशुद्ध आहे ते मेंढ्याच्या अंगात शोषलं जावं म्हणून. मग धड आणि डोकं नदीत टाकतात. मंत्रकार आणि खाटीक या दोघांना आता शहरात परत येता येत नाही. नाबू बाबिलोनमध्ये आहे तोवर, पाचव्या दिवसापासून बाराव्यापर्यंत, त्यांनी बाहेर रानात राहायचं. आणि हे सगळं शेशगल्लूने बघायचंच नाही. बघितलं तर तोही अशुद्ध होतो, आणि मग संध्याकाळच्या मुख्य विधीला माणूसच उरत नाही. पट्टीतली ही सूचना वाचली की पूर्वी कधीतरी कोणाकडून तशी चूक झाली असावी असं वाटल्याशिवाय राहत नाही.

मग राजा येतो. शेशगल्लू बाहेर येऊन त्याच्या हातातला राजदंड, कडं आणि गदा काढून घेतो, डोक्यावरचा मुकुट उतरवतो आणि आत नेऊन मार्दुकसमोर आसनावर ठेवतो. परत येऊन राजाच्या गालावर मारतो. त्याला आत नेतो, कान धरून ओढतो आणि जमिनीवर गुडघ्यांवर बसवतो. या क्षणी राजाकडे राजेपणाची एकही खूण नाही. आता त्याने म्हणायचं ते असं: मी पाप केलं नाही. तुझ्या देवत्वाकडे दुर्लक्ष केलं नाही. बाबिलोन उद्ध्वस्त केलं नाही, लोकांना देशोधडीला लावलं नाही. तुझ्या एसागिला देवळाचे विधी विसरलो नाही. संरक्षण मिळालेल्या नागरिकांच्या गालावर मारलं नाही, त्यांचा अपमान केला नाही. तटबंदी पाडली नाही.

यातलं ‘संरक्षण मिळालेले नागरिक’ हे कलम महत्त्वाचं. बाबिलोन, निप्पूर, सिप्पर यांसारख्या जुन्या देवस्थानी शहरांच्या नागरिकांना कर आणि वेठबिगारीतून सूट होती. ती सूट देवाने दिली असं मानत, त्यामुळे ती मोडणं म्हणजे देवाच्या घरातली चोरी. राजाने देवासमोर गुडघे टेकून जे म्हणायचं त्यात शहराच्या सवलती घुसवून ठेवण्यात पुजाऱ्यांची हुशारी आहे. आणि स्वतःचा गाल लाल असताना राजाने ‘मी कोणाच्या गालावर मारलं नाही’ म्हणायचं, ही जुळणीही योगायोगाची नव्हे.

शेशगल्लू मग देवाच्या वतीने धीर देतो: भिऊ नकोस, बेलने तुझी प्रार्थना ऐकली, तो तुझं राज्य वाढवेल. राजचिन्हं परत मिळतात. आणि मग दुसरी थोबाडीत, सुरुवातीला सांगितलेली, अश्रूंची परीक्षा घेणारी. संध्याकाळी मोठ्या अंगणात खड्डा खणतात. तीन-तीन हात लांबीचे, म्हणजे साधारण दीड मीटरचे, चाळीस बोरू घेतात. न तुटलेले, न वाकलेले, सरळ. खजुरीच्या झावळीने बांधलेली ही मोळी खड्ड्यात ठेवून त्यात मध, साय आणि उत्तम तेल ओततात, समोर पांढरा बैल उभा करतात, आणि राजा बोरूने आग लावतो.

आठव्या दिवशी राजा ‘बेलचा हात धरतो’ आणि देवाची मिरवणूक निघते. ती इश्तार दरवाजातून बाहेर पडते. दुतर्फा निळ्या झिलईच्या विटांवर चालणारे सिंह, सुमारे 120. नेबुखद्नेझर दुसऱ्याने (इ.स.पू. 605 ते 562) हे काम करून घेतलं आणि आज त्यातले काही बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. पुढे नावेतून शहराबाहेरच्या आकितूगृहापर्यंत. अकराव्या दिवशी परत आल्यावर देवसभा वर्षाचं भवितव्य ठरवते.

‘बेलचा हात धरणं’ हाच बाबिलोनचा राजा असल्याचा पुरावा होता. अश्शूरचा तिग्लथ-पिलेसर तिसरा बाबिलोन जिंकून थांबला नाही. 729 आणि 728 मध्ये त्याने स्वतः येऊन तो हात धरला आणि अधिकृत नोंदीत ते लिहून ठेवलं. उलट 689 मध्ये अश्शूरच्याच राजा सेनाखेरिबने बाबिलोन उद्ध्वस्त केलं, आणि मग इतिवृत्तकाराने लिहिलं: आठ वर्षं सेनाखेरिबच्या काळात आणि बारा वर्षं एसरहद्दोनच्या काळात, बेल अश्शूरमध्ये राहिला आणि आकितू झाला नाही. शेवटचा बाबिलोनी राजा नबोनिडस दहा वर्षं अरबस्तानातल्या तैमा इथे जाऊन राहिला. त्याच्याबद्दल इतिवृत्तात एकच मजकूर वर्षामागून वर्ष येतो: राजा बाबिलोनला आला नाही, नाबू आला नाही, बेल बाहेर पडला नाही, आकितू झाला नाही. राजा नाही तर देवाचा हात कोण धरणार? 539 मध्ये इराणचा सायरस शहरात शिरला तेव्हा पुजाऱ्यांनी त्याचं स्वागत केलं, त्याला हीच पार्श्वभूमी.

एक सावधगिरी इथे हवी. थोबाडीचा तपशील ज्या पट्ट्यांवर आहे त्या ग्रीक राजवटीतल्या, इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकातल्या नकला आहेत. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की परक्या राजांना वेसण घालायला पुजाऱ्यांनी हा भाग त्या काळात रचला. मिरवणूक, हात धरणं, नाबूचं येणं हे मात्र कितीतरी आधीपासून नोंदलेलं आहे.

शंभर दिवसांचा राजा

अशुभ थेट राजाच्या जिवावर येतं तेव्हा थोबाडीत पुरत नाही. चंद्रग्रहण म्हणजे राजाचा मृत्यू, पण कोणत्या राजाचा, हे काढायला अश्शूरच्या दरबारात पक्की पद्धत होती. चंद्रबिंबाचे चार भाग, चार देशांचे: अक्कड, एलाम, अमुर्रू, सुबार्तू. कोणता भाग काळवंडला ते बघायचं. महिनेही या चार देशांत वाटलेले. रात्रीचा प्रहर बघायचा. आणि ग्रहणाच्या वेळी गुरू आकाशात दिसत असेल तर राजा सुरक्षित, त्याच्याऐवजी एखादा मोठा सरदार जाईल.

गुरू दिसला नाही आणि वाटणी आपल्या देशाकडे आली, की बदली राजा बसवायचा. हा सहसा कैदी, माळी, किंवा कोणी गणतीत न धरलेला साधा माणूस. त्याला राजवस्त्रं, मुकुट, गादी आणि एक राणी देतात. सूर्यदेवासमोर त्याच्याकडून सगळी अशुभ चिन्हं मोठ्याने म्हणवून घेतात, म्हणजे ती त्याने अंगावर घेतली असं होतं. खरा राजा राज्य चालवतोच, पण पत्रव्यवहारात त्याचं नाव बदलतं. दरबारी पंडित पत्राच्या माथ्यावर लिहितात: ‘शेतकऱ्याला, माझ्या धन्याला’. मुदत जास्तीत जास्त शंभर दिवस. या मुदतीत आणखी ग्रहण होण्याची शक्यता असेल तर तेही याच माणसाच्या खात्यावर जाऊ द्यायचं, म्हणून पंडित राजाला थांबायचा सल्ला देत. धोका टळला की बदली राजाला मारत. पत्रात शब्द वापरत तो ‘आपल्या नशिबाकडे गेला’ असा. गादी, मेज, राजदंड, शस्त्र जाळून टाकायचं आणि खऱ्या राजाने स्नानगृहाचे शुद्धिविधी करायचे.

एसरहद्दोन (681 ते 669) अश्शूर आणि बाबिलोन दोन्हींचा राजा होता, त्यामुळे त्याची पंचाईत दुप्पट. 671 च्या अखेरच्या ग्रहणाच्या वेळी बदली राजाला आधी अश्शूरच्या राजधानीत, निनवेमध्ये, आणि मग अक्कड शहरात नेऊन गादीवर बसवावं लागलं. या वेळी निवडला गेलेला माणूस साधा नव्हता. दम्की, अक्कडच्या देवस्थानाच्या मुख्य कारभाऱ्याचा मुलगा. बाबिलोनियातला राजाचा प्रतिनिधी मार-इस्सर याचं पत्र आपल्याकडे आहे. तो लिहितो की दम्की आणि त्याची राणी मरण पावली, राजाच्या आणि राजपुत्रांच्या बदल्यात गेली. समाधी बांधली, दोघांना सजवलं, लोकांना दर्शन दिलं, पुरलं, शोक केला. अक्कडचे लोक घाबरले होते, त्यांना धीर दिला. पत्राचा सूर एखाद्या कामाचा अहवाल असावा तसा आहे.

ही पद्धत उलटलीही जाऊ शकत होती. नंतरच्या एका इतिवृत्तात इसिनच्या एर्रा-इमित्तीची हकीकत आहे. त्याने एन्लिल-बानी नावाच्या माळ्याला बदली म्हणून गादीवर बसवलं, आणि स्वतः राजवाड्यात गरम पेज पिताना मेला. एन्लिल-बानी गादीवरून उठलाच नाही. हकीकत खरी असो वा नसो, एन्लिल-बानी खरा राजा होता आणि त्याने 24 वर्षं राज्य केलं. तर्क बिनतोड आहे: अशुभ राजावर होतं, आणि ते नेमकं राजावरच पडलं.

इ.स.पू. 323 मध्ये अलेक्झांडर बाबिलोनमध्ये असताना एक अनोळखी माणूस त्याच्या रिकाम्या सिंहासनावर राजवस्त्रं घालून बसलेला सापडला. ग्रीक लेखकांना याचा अर्थ लागला नाही. राजवाड्यातल्या नोकरांनी त्याला खाली ओढलं नाही, उलट कपडे फाडून छाती पिटली, हेही त्यांनी नोंदवलंय. बाबिलोनी पुजाऱ्यांनी वाईट शकुनानंतर बदली राजा बसवला होता असं आज बरेच अभ्यासक मानतात. त्या माणसाला मारलं, पण थोड्याच दिवसांत, जूनमध्ये, अलेक्झांडरही गेला.

पहिली वीट

राजाने करायच्या कामांत देऊळ बांधणं सगळ्यांत वरचं, आणि त्यातही पहिली वीट त्याने स्वतःच्या हाताने पाडायची. लगाशच्या गुदेआने (इ.स.पू. सुमारे 2125) हे मातीच्या दोन मोठ्या नळकांड्यांवर सविस्तर लिहून ठेवलंय. आधी स्वप्न पडतं, त्याचा अर्थ देवीकडून लावून घेतात. मग शहर शुद्ध करतात. विटेच्या साच्यात पाणी घालून मध, तूप आणि सुगंधी तेल मिसळतात. नगारे वाजत असताना माती भरतात. साचा उघडल्यावर वीट अखंड आली तर देवाला काम मंजूर. मग राजा ती डोक्यावर घेऊन जातो. देवळाच्या पायात पुरायच्या तांब्याच्या छोट्या मूर्तींतही राजा डोक्यावर घमेलं घेतलेल्या मजुराच्या रूपातच असतो.

बोर्सिप्पाच्या एझिदात, म्हणजे नाबूच्या देवळात, होर्मुझ्द रस्साम या उत्खननकर्त्याला 1880 साली असंच एक नळकांडं सापडलं. ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर राजा सांगतो की एसागिला आणि एझिदाच्या पहिल्या विटा मी माझ्या शुद्ध हातांनी, उत्तम तेल घालून, सीरियात पाडल्या आणि पाया घालण्यासाठी इथे आणल्या. लेख बाबिलोनी भाषेत, जुन्या धाटणीच्या क्यूनिफॉर्म लिपीत. तारीख आपल्या हिशेबाने 27 मार्च 268 इ.स.पू. राजा आहे अँटिओकस पहिला, अलेक्झांडरच्या सेनापतीचा मुलगा. त्याच्या घराण्यातल्या अँटिओकस तिसऱ्याने 205 मध्ये निसन्नूच्या आठव्या दिवशी आकितूच्या मिरवणुकीत भाग घेतल्याची नोंद बाबिलोनच्या ज्योतिष्यांनी केली, त्यांच्या त्याच रोजनिशीत जिथे ते ग्रहांच्या जागा आणि बार्लीचे भाव लिहीत.